चावीवाल्याचे पाय

मनमाडात चावीवाला म्हटलं की कुलपं उघडून देणारा माणूस कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. गाव रेल्वेचं, तेव्हा चावीवालाही रेल्वेचाच. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला लोखंडी चाव्यांनी धरलेला असतो. त्या चाव्या रोज पायी जाऊन तपासायच्या, एखादी ढिली झाली की हातोड्यानं ठोकून बसवायची, आणि रूळ तडकलेला दिसला तर हातात लाल झेंडी घेऊन, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिशेनं पळत सुटायचं, असं ते काम. गाडीत बसलेल्यांना हा माणूस दिसतच नाही. दिसला तरी डोळ्याचं पातं लवेपर्यंत. रुळाच्या कडेला झेंडी धरून उभा असतो आणि आपण आपले चहावाल्याला हाका मारत असतो.

वाल्मीक देवरे असे चावीवाले होते. मूळचे कळवणकडचे. तीन भावांत शेत वाटलं गेल्यावर हे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत, गँगमन म्हणून, रेल्वेत चिकटले आणि पुढं चावीवाले झाले. चौतीस वर्षं सहा किलोमीटर जायचं आणि सहा यायचं, उन्हाळा असो की हिवाळा. त्यांचा मुलगा अमोल सातपूरला कारखान्यात आहे. एका दिवाळीला त्यानं मोबाइलवर आकडेमोड केली आणि ओरडलाच, "आई, सुट्ट्या सोडून नाना सव्वा लाख किलोमीटर चाललेत! पृथ्वीला तीन फेऱ्या होऊन वर थोडं उरतंय!"

लंकाबाईला, म्हणजे वाल्मीकभाऊंच्या बायकोला, पृथ्वी केवढी हे काही नीट ठाऊक नव्हतं. पण तिनं त्या दिवशी चकल्या तळता तळता नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. काळे, भेगाळलेले, खडी तुडवून तुडवून तळवे चामड्याचे झालेले. ह्या पायांनी एवढं केलं? तिला उगाचच त्यांना हात लावावासा वाटला. वाल्मीकभाऊ मात्र चकली मोडत म्हणाले, "तीन फेऱ्या मारल्या म्हणे, आणि मनमाडच्या पुढं काय गेलो नाय!"

अशी त्यांची चेष्टा. माणूस बोलका होता आणि हसरा होता. तुम्ही त्यांना आत्ता पाहिलंत तर खोटं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. निवृत्तीला दोन वर्षं होती तेव्हाची गोष्ट. लंकाबाईनं चुलीवर सुके बोंबील भाजले, वास चार घरं पलीकडे गेला, आणि हे जेवायला बसताना विचारतात, "आज काय केलंय?" तिला वाटलं, मस्करी करतात, पण त्यांना वासच आला नव्हता. मग उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरायला लागलं, तंबाखू मळावी तसं. आयुष्यात कधी तंबाखू खाल्ली नाही हो त्या माणसानं! मग आवाज बसला. मग चेहरा बसला. म्हणजे काय, तर चेहऱ्यावर काही उमटेचना. विनोद सांगा, शिवी द्या, चेहरा आपला सारवलेल्या भिंतीसारखा.

इथं लंकाबाईची पहिली चूक झाली, आणि ती कुणाचीही झाली असती. तिला वाटलं, हे आपल्यावर रुसलेत. कशावरून, ते तिला सापडेना. नात तेजल झाली, बारशाला अख्खं घर नाचत होतं आणि आजोबा पाळण्याशेजारी दगडासारखे बसून. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली, "मुलगा पाहिजे होता वाटतं म्हाताऱ्याला." लंकाबाई आत जाऊन भाताच्या पातेल्यापुढं रडली. दोन वर्षं तिनं ते रुसणं पोटात ठेवलं. विचारलं नाही. विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

शेवटी गावातल्या डॉक्टरांनी हात बघून कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, हात बराचसा निवला. झालं, दुखणं बरं झालं असं सगळे समजून बसले. पुढं नाशिकला दाखवा असं डॉक्टर म्हणाले होते, ते कागदावरच राहिलं. आणि मग पाय अडकायला लागले.

अडकायला म्हणजे कसे, ते ऐका. वाल्मीकभाऊ खाटेवरून उठायचे, चार पावलं बरी टाकायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारात आले की थांबायचे. अंग पुढं झुकलेलं, हात पुढं आलेले, आणि पाय जमिनीला खिळलेले. नुसती टाचांची थरथर. मागून कुणी "चला ना!" म्हणून ढकललं की धाडकन पुढं पडायचे. दोनदा कपाळ फुटलं. शेजारपाजारी म्हणायला लागले, बाकी कुठं नाही आणि दारातच कसे अडकतात? बाहेरचं काहीतरी असणार. लंकाबाईच्या भावानं एक देवऋषी आणला. त्यानं लिंबू फिरवलं, नारळ फिरवला आणि उंबऱ्यावर बोट ठेवलं. "ह्याच्याखाली पुरलंय."

उंबरा उपटला. सागाचा होता, वाल्मीकभाऊंनी स्वतः बसवलेला. खाली एक गंजका खिळा निघाला. आता रेल्वेवाल्याच्या घरात खिळा नाही निघणार तर काय मोती निघणार? पण देवऋषीनं तो असा वर धरून दाखवला की बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. खड्ड्यात सिमेंट ओतलं, जमीन आरशासारखी गुळगुळीत केली. आणि पाय? पूर्वी निदान दहांतून चार वेळा तरी सुटायचे. आता एकदाही सुटेनात.

मग तो मे महिन्यातला दिवस आला.

लंकाबाई दुपारी बारा ते दोन बचत गटाच्या पापडांना जायची. त्या दिवशी पीठ लवकर संपलं म्हणून ती दीडलाच घरी आली. दार लोटलेलं आणि खाट रिकामी. माणूस दहा पावलं चालत नाही, गेला कुठं? तिनं न्हाणीघर पाहिलं, परसात पाहिलं, गल्लीत हाका मारल्या. तेवढ्यात फोन वाजला. अन्सारभाई होता, पूर्वी ह्यांच्याच गँगमधला, आता गँगचा मुकादम. "भाभी, घाबरू नका. भाऊ माझ्याजवळ आहेत. मालधक्क्याच्या सायडिंगवर होते. रुळावर."

रुळावर! रेल्वेच्या घरातल्या बाईला रुळावर सापडलेल्या माणसाचा एकच अर्थ ठाऊक असतो. चौतीस वर्षांत वाल्मीकभाऊंनी स्वतः किती जणांवर चादरी टाकल्या होत्या! ज्या दिवशी तसं घडायचं त्या दिवशी ते जेवायचे नाहीत, आणि लंकाबाई काही न विचारता ताट झाकून ठेवायची. ती पापडाच्या पिठाच्या हातांनी भिंत धरून खाली बसली.

अन्सारभाईनं एका गँगमनला मागं बसवून त्यांना मोटरसायकलवर मध्ये धरून आणलं. खाटेवर निजवलं आणि मग बाहेर येऊन तो जे म्हणाला ते फार विचित्र होतं. "भाभी, खुदा की कसम, मी लांबून पाहिलं तेव्हा मला ओळखूच आले नाहीत. असे चालत होते, असे! एकेका स्लीपरवर पाय. ताठ. मला वाटलं नवा चावीवाला आलाय. मी हाक मारायचं विसरलो, नुसता बघत उभा राहिलो. आणि हात धरून खाली खडीवर उतरवलं तर एक पाऊल टाकवेना. उचलूनच आणलं बघा."

लंकाबाईनं ऐकलं आणि तिचं काळीज आणखीच गोठलं. मरायला निघालेल्या माणसाला बळ येतं, असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. आणि दुसरी गोष्ट तर तिच्या मनात काट्यासारखी रुतली. त्या सायडिंगवर, म्हणजे मालधक्क्याला फुटलेल्या बाजूच्या रुळावर, दिवसातून एकच मालगाडी येते, दुपारी दोनला. हे रेल्वेतल्या पोरासोरांना ठाऊक, तर वाल्मीक चावीवाल्याला ठाऊक नसेल? आणि अन्सारभाईला ते सापडले तेव्हा पावणेदोन वाजले होते.

त्या दिवसापासून दाराला कुलूप लागलं. पापड सुटले. दोरी, चाकू, उंदराचं औषध सगळं शेजारी जाऊन पडलं. दोन वाजायला आले की ती खाटेच्या पायाशी येऊन बसायची आणि मालगाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायची. ओठांपर्यंत प्रश्न यायचा. मला सोडून निघाला होता का हो? पण तो निर्जीव चेहरा पाहिला की ती गिळून टाकायची. त्या चेहऱ्यावर तिला एकच उत्तर दिसत होतं.

सातपूरहून अमोल आला तो तणतणतच. "घरात मोरीपर्यंत जाता येत नाही आणि रुळावर मात्र परेड करता येते? नाना, नाटकं आहेत का ही?" वाल्मीकभाऊंचे ओठ हलले. काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांचं बोलणं सुरू व्हायलाच वेळ लागायचा, आणि एवढा वेळ त्या घरात कुणाला होता? अमोल पुढचं बोलूनही गेला होता. दुसऱ्याच दिवशी गाडी करून तो दोघांना नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर अरिबा वयानं अमोलएवढ्याच. लंकाबाईला आधी वाटलं, ही पोर काय सांगणार? त्यांनी हात बघितले, मनगट फिरवून बघितलं, बोटं आपटायला लावली, एक ओळ लिहायला लावली. अक्षर मुंगीएवढं आलं आणि पुढं पुढं आणखी बारीक होत गेलं. मग अमोलनं हळूच रुळाची हकिकत सांगितली आणि म्हणाला, "मॅडम, डोक्याचंच काहीतरी औषध द्या. त्यांना जगायचंच नाही."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून वाल्मीकभाऊंच्या समोर घेतली. अगदी गुडघ्याला गुडघा. "काका, रुळावर कशाला गेला होतात?"

"ते काय सांगणार," अमोल म्हणाला. डॉक्टरांनी न बघताच हात वर केला आणि तो गप्प झाला.

बाहेर पेशंटांची गर्दी, कुणीतरी दार उघडून डोकावलं आणि पुन्हा लावून घेतलं. डॉक्टर तशाच बसून. लंकाबाईनं पिशवीचे बंद मुठीत आवळले. तिला वाटलं, आता म्हणतील. आता तोंडावर म्हणतील की मला जगायचं नाही, आणि ते ऐकून आपण इथून उठायचं कसं? एक मिनिट झालं असेल, तिला तास वाटला. वाल्मीकभाऊंचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"चालायला," ते म्हणाले. आवाज कागद सरकवल्यासारखा. "तिथं... पाय सुटतात."

डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावर आलं. "दोन स्लीपरमध्ये अंतर किती असतं हो, काका?"

"साठ... सेंटीमीटर." ह्याला मात्र वेळ लागला नाही.

"भाग्यश्री सिस्टर, पांढरी चिकटपट्टी आणा. मोठा रोल."

दवाखान्याचा बोळ लांबलचक होता, गुळगुळीत फरशीचा. आधी डॉक्टरांनी त्यांना तसंच चालायला सांगितलं. दोन पावलं, आणि पाय अडकले. तीच टाचांची थरथर. मग सिस्टर वाकल्या आणि फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवत गेल्या. पायांनी अंतर मोजून, अठरा पट्ट्या. बाकावर बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले. डॉक्टर पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "या काका."

वाल्मीकभाऊंनी खाली पाहिलं. लंकाबाई त्यांच्या खांद्यापाशीच होती, म्हणून तिला ते दिसलं. त्यांचा श्वास बदलला. खांदे किंचित मागं गेले. उजवा पाय उचलला गेला, चांगला वीतभर, आणि पहिल्या पट्टीपलीकडे टेकला. मग डावा. मग उजवा. कुणी धरलेलं नाही, कुणी ढकललेलं नाही. तिच्या हातांतून तो माणूस असा निघून गेला, जसा पूर्वी पहाटे डबा घेऊन निघायचा! एका म्हातारीनं "अगं बाई!" म्हणून गालावर हात ठेवला. अमोलनं मोबाइल काढला, पण चित्र घ्यायचं त्याला सुधरेना, नुसता हातात धरून उभा. लंकाबाईचे हात आपोआप जोडले गेले. कुणाला जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं. अठरावी पट्टी ओलांडून वाल्मीकभाऊ डॉक्टरांपुढं जाऊन थांबले.

डॉक्टरांचेही डोळे भरले होते, खोटं नाही सांगत. त्या म्हणाल्या, "मला हे शिकायला कॉलेजात जावं लागलं, काका. तुम्हाला कुणी शिकवलं?"

पुन्हा खोलीत बसल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पाऊल विचार करून टाकत नाही. मेंदूत खोल एक जागा आहे, ती आपोआप टाकून घेते. कंपवातात तिथलं एक रसायन कमी पडतं आणि ती जागा अडखळते. पण समोर आडव्या रेषा दिसल्या की मेंदूचा दुसरा भाग काम हातात घेतो. डोळे बघतात, पाय ओलांडतात.

"म्हणजे मेन लाइन बंद पडली तर लूप लाइननं गाडी काढतात, तसं?" लंकाबाईनं विचारलं.

"काकू, मी आता सगळ्यांना असंच सांगणार," डॉक्टर म्हणाल्या. पण लगेच गंभीर झाल्या. ह्यानं दुखणं बरं होत नाही. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि ह्यांनाही रोज सारखं पडणार नाही. गोळ्यांच्या वेळा त्यांनी बदलून दिल्या आणि घड्याळ लावून द्यायला बजावलं. रुळावर पाय ठेवायचा नाही, म्हणजे नाही. दाराचं कुलूप काढायचं. उंबऱ्याची गोष्ट ऐकली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, उंबरा ओलांडायला काहीतरी दिसत तरी होतं त्यांना! तेवढंच तुम्ही काढून टाकलंत!"

लंकाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि चेहरा?" तिनं अगदी हळू विचारलं. "हे माझ्यावर चिडलेत ना?"

"चिडलेले नाहीत. चेहऱ्याचे स्नायूही कडक झालेत. हसू येतं, ते चेहऱ्यापर्यंत पोचत नाही."

लंकाबाई नवऱ्याकडे वळली. "मग तेजलच्या बारशाला?"

ह्या वेळी सगळे थांबले. अमोलसुद्धा थांबला. वाल्मीकभाऊंनी बराच वेळ घेतला. "लय... खूश होतो," ते म्हणाले.

अहो, दोन वर्षं त्या बाईनं काय काय गिळलं होतं, ते सगळं तिथं बाहेर आलं. डॉक्टरांसमोरच ती पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडली. सिस्टरनी पाणी दिलं.

मनमाडला परतल्यावर अन्सारभाईनं स्वतःच्या पदरचा पांढरा रंग आणला. घरात खाटेपासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत आणि तिथून सबंध गल्लीभर कोपऱ्यापर्यंत त्यानं आडव्या रेषा ओढल्या. वाल्मीकभाऊ दारात खुर्चीवर बसून बघत होते. मध्येच त्यांनी बोट वर केलं. अन्सारभाई थांबला, जवळ येऊन कान पुढं केला. "दोन बोटं... जास्त झालं." मापून पाहिलं तर खरोखर दोन बोटं जास्त! "साठ म्हणजे साठ, काय भाऊ?" अन्सारभाई हसत म्हणाला आणि रेघ पुसून पुन्हा ओढली. देवऋषीनं उपटलेल्या उंबऱ्याच्या जागी एक जाड पट्टा रंगवला. गल्लीतली पोरं त्या रेषांवर लंगडी खेळायला लागली, त्यांना लंकाबाईनं दोन दिवस हाकलून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

सगळं छान झालं म्हणायचं. पण दोन वाजायला आले की लंकाबाईचं लक्ष अजून घड्याळाकडे जायचं. कुलूप काढलं होतं, पण ती पापडांना जात नव्हती. माणूस डॉक्टरापुढं बरं बोलतो. चालायलाच गेले होते, तर मग नेमकी गाडीची वेळ का? हा काटा काही निघत नव्हता.

आठवड्यानं एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला वाल्मीकभाऊ उठले, चपला घातल्या आणि बाहेर बोट दाखवलं. गल्लीच्या कोपऱ्यावर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे चहाचं हॉटेल. रेल्वेतले निवृत्त लोक तिथं बसतात. दोन वर्षांत ते तिथं गेले नव्हते. "चला," लंकाबाई म्हणाली.

जाड पट्टा ओलांडला. गल्लीतली एकेक रेघ ओलांडत ते निघाले, आणि लंकाबाई नेहमीसारखी दोन पावलं मागं. ओट्यावरच्या बायका निवडता निवडता थांबल्या. कोपरा आला. शेवटची रेघ ओलांडून ते रस्त्यावर उतरले, पाच-सहा पावलं गेले, आणि रस्त्याच्या मधोमध पाय अडकले.

डांबरावर रेषा कुठून असणार? नगरपालिकेचा रस्ता. नुसता काळा, सपाट. बाजार समितीकडून कांद्याचा ट्रॅक्टर येत होता, मागं ट्रॉली गच्च भरलेली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. हॉर्ननं ते आणखीच घट्ट झाले. टाचांची थरथर सुरू झाली. लंकाबाईनं मागून दंड धरला आणि सोडला, ढकललं की पडतात हे तिला पाठ होतं. हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "अहो, ओढा त्यांना!"

काय झालं ते तिनं नंतर कुणालाही नीट सांगितलं नाही. ती पुढं झाली, त्यांच्या बाजूला वळली आणि आपला उजवा पाय उचलून त्यांच्या पावलांपुढं आडवा ठेवला.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला पाय लागू दिला नव्हता. चुकून लागला तर ती वाकून नमस्कार करायची. आमच्याकडे कुणी कुणाला ओलांडत नाही. निजलेल्या पोराला कुणी ओलांडलं तर आया पुन्हा उलटं ओलांडून घ्यायला लावतात. आणि इथं भर रस्त्यात, अख्ख्या गावासमोर, नवऱ्यापुढं आडवा पाय!

वाल्मीकभाऊंनी त्या पायाकडे पाहिलं. जोडवी, सुजलेला घोटा, पापडाच्या पाटापाशी बसून बसून पडलेला घट्टा. पाय काही उचलेनात. "तुला... लागंल," ते पुटपुटले.

"लागू द्या! ओलांडा म्हणते ना!" लंकाबाई ओरडली. जन्मात पहिल्यांदा ती त्यांच्यावर ओरडली.

त्यांनी पाय उचलला. तिचा घोटा सोडून, वरून, अगदी अलगद पलीकडे टेकला. तिनं लगेच दुसरा पाय पुढं आडवा घातला. तोही ओलांडला. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बघत बसला. त्याच्या मागं दोन मोटरसायकली थांबल्या, एक रिक्षा थांबली. एकही हॉर्न वाजला नाही. ती उलटी, नवऱ्याकडे तोंड करून, एकेक पाय आडवा ठेवत मागं सरकत होती, आणि ते एकेक पाय ओलांडत तिच्याकडे येत होते. चौदा पावलं झाली. चौदाव्याला हॉटेलच्या बाकापाशी पोचले तेव्हा दोघंही घामानं निथळत होते.

बाकावर बसल्यावर तिचा धीर सुटला. किंवा आला म्हणा. इतके दिवस ओठांमागं दाबलेलं तिनं विचारून टाकलं. "खरं सांगा. मला सोडून निघाला होता का? दोनची गाडी तुम्हाला ठाऊक होती."

ती थांबली. चहा आला, निवून साय धरली, तरी ती थांबली. ह्या माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल तेवढा द्यायचा, एवढं ती नाशिकहून शिकून आली होती.

"बारा खेपा... गेलो," शेवटी ते म्हणाले. एकेक शब्द लांबून येत होता. "तू पापडांना... गेली की."

"बारा?"

"पावणेदोनला... वळायचो. गाडीच्या आत. तू यायच्या आत." त्यांनी दम घेतला. "अकरा खेपा... तुला कळलं तरी का? दर खेपेला... घरी आलोच की."

अकरा वेळा तो माणूस भिंतीला धरून, आडवं सरकत रुळापर्यंत गेला होता, तिथं पोटभर चालला होता, आणि अकरा वेळा तसाच खाटेवर येऊन निजला होता, बायकोला घोर लागू नये म्हणून. लंकाबाईनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहरा तोच, काही न सांगणारा. पण आता तिला तो वाचायची गरज राहिली नव्हती. ती रडत होती की हसत होती, हॉटेलवाल्याला कळेना. त्यानं गुपचूप चहा बदलून दिला.

चहा झाला. समोर तोच काळा रस्ता होता, आणि पलीकडे गल्लीच्या तोंडाशी पहिली पांढरी रेघ. लंकाबाई उठली, पदर कमरेला खोचला आणि परतीसाठी त्यांच्यापुढं पाय आडवा ठेवला.